कार्बेन्डाझिमची शुद्ध पूड: टिकायला सोपी, विरघळायला हट्टी

कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक म्हटलं की शेतीतल्या माणसाला 'बाविस्टिन'चा पुडा आठवतो. बियाण्याला किलोमागे दोन ग्रॅम चोळा, हे तर पाठच असतं. हे परीक्षण त्या ५० टक्के पावडरचं नाही. प्रयोगशाळेत लहान बाटलीतून येणाऱ्या शुद्ध संयुगाचं आहे: कॅस क्रमांक (रसायनाचा नोंदणी क्रमांक) १०६०५-२१-७, रेणूभार १९१.२, बेन्झिमिडाझोल गटातलं, बुरशीच्या बीटा-ट्यूब्युलिन या प्रथिनाला चिकटून पेशीविभाजन थांबवणारं. रोगशास्त्राच्या विभागात ते बुरशीची प्रतिकारक्षमता, म्हणजे ती औषधाला किती दाद देत नाही ते, तपासायला लागतं आणि मालात उरलेलं औषध मोजणाऱ्या, म्हणजे उर्वरित अंशाच्या, प्रयोगशाळेत मानक, म्हणजे मोजमाप ताडून बघायचा नमुना, म्हणून लागतं. दोन्हीकडे बाटली तीच, पण वापरण्याची शिस्त वेगळी.

मत आधीच सांगून टाकतो. साठवणुकीत या पुडीला पैकीच्या पैकी गुण. विरघळण्यात जेमतेम पास. सुरक्षिततेत मात्र ती फसवी आहे, कारण तिचं विष दिसत नाही. तिच्या बाबतीत ज्या चुका होतात त्यांतल्या बहुतेक विद्राव्यतेपाशी होतात. म्हणून या लेखातही सगळ्यात जास्त जागा विद्राव्यतेनेच खाल्ली आहे.

कोणती बाटली मागवायची

बाजारात ही वस्तू चार रूपांत मिळते. प्रमाणित संदर्भ पदार्थ, साधं विश्लेषणात्मक मानक, ९७-९८ टक्क्यांचा रासायनिक दर्जा आणि अॅम्प्यूलमधलं तयार द्रावण. अंश तपासणीचा अहवाल बाहेर जाणार असेल तर पहिलंच घ्या, आणि उत्पादक आयएसओ १७०३४ खाली मान्यताप्राप्त आहे का ते बघा. प्रमाणपत्रावर बॅच क्रमांक, शुद्धता, तिची अनिश्चितता आणि मुदत हे चारही हवेत. शुद्धता कशी काढली हेही वाचा. नुसत्या एचपीएलसीच्या (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणाच्या) आलेखातल्या क्षेत्रफळावरून काढलेले ९९ टक्के आणि ओलावा, राख, विद्रावकाचे अवशेष वजा करून काढलेले ९९ टक्के एक नव्हेत. पहिल्या आकड्यात यूव्हीला, म्हणजे अतिनील किरणांवर चालणाऱ्या शोधकाला, न दिसणारा कचरा मोजलेलाच नसतो.

पेट्रीडिशमध्ये (बुरशी वाढवायच्या चपट्या काचप्लेटमध्ये) होणाऱ्या चाचणीला एवढं महागाचं मानक लागत नाही. ९८ टक्क्यांची बाटली पुरते, फक्त वजनात दुरुस्ती करायची. १० मिग्रॅ शुद्ध हवं असेल तर १०.२ मिग्रॅ तोलायचं.

दुकानातली ५० टक्के पावडर मात्र प्लेटमध्ये टाकू नका. हा मोह सगळीकडे असतो, कारण पुडा कपाटात पडलेलाच असतो आणि स्वस्त असतो. त्यातलं उरलेलं अर्धं वजन म्हणजे माती, ओलावा धरणारे आणि पसरवणारे पदार्थ. ते स्वतः बुरशीच्या वाढीवर परिणाम करू शकतात आणि त्यांचं कोरं मिश्रण तुम्हाला कुणी विकत देत नाही, म्हणजे तुलनेसाठीची औषधाविना प्लेट, नियंत्रण प्लेट, बनवता येत नाही. शिवाय ही पावडर पाण्यात तरंगण्यासाठी बनवलेली असते, विरघळण्यासाठी नाही. कोमट अगारमध्ये, म्हणजे थंड झाल्यावर घट्ट होणाऱ्या बुरशीच्या माध्यमात, ती तळाशी बसते. पहिल्या प्लेटला कमी आणि शेवटच्या प्लेटला जास्त औषध जातं. शेतात कोणता पुडा काम करतो हे बघायचं असेल तर तो वापरा, पण मग निकाल 'पुड्याचा' म्हणून लिहा, 'कार्बेन्डाझिमचा' म्हणून नाही. आणि १० मिग्रॅ प्रतिलिटर सक्रिय घटकासाठी २० मिग्रॅ पावडर लागते, हे वहीत स्पष्ट नोंदवा. प्रबंधांमध्ये हा दुपटीचा घोटाळा अजून सापडतो.

पूड बघून काय कळतं

शुद्ध पूड पांढरी, बारीक, वासरहित. तांत्रिक दर्जाची करड्याकडे झुकलेली दिसली तर आश्चर्य नाही. उत्पादनात डायअमिनोफिनाझिनसारखे फिनाझिन वर्गातले रंगीत उपपदार्थ तयार होतात आणि आंतरराष्ट्रीय विनिर्देशांमध्ये त्यांच्यावर मुद्दाम मर्यादा घातलेली आहे. मानक म्हणून आलेली बाटली रंगीत दिसली तर पुरवठादाराला परत विचारा.

वितळणबिंदू काढून ओळख पटवण्याचा कॉलेजातला प्रयोग इथे फुकट जातो. हे संयुग ३०० अंशांच्या पुढे वितळता वितळता विघटित होतं. पॅराफिनच्या भांड्यात तेवढं तापमान गाठताच येत नाही आणि गाठलं तरी मिळणारा आकडा विघटनाचा असतो. ओळख पटवायची तर यूव्ही वर्णपट घ्या, २८० ते २८६ नॅनोमीटरच्या आसपास ठळक शोषण दिसतं. एलसी-एमएस (घटक वेगळे करून रेणूंचं वस्तुमान मोजणारं उपकरण) असेल तर प्रश्नच मिटला: १९२ चा आयन, त्यातून मिथेनॉल निसटून १६०, मग १३२. १३४ वर आयन दिसला तर तो २-अमिनोबेन्झिमिडाझोलचा असू शकतो, म्हणजे कार्बामेटची शेपटी तुटलेली.

विरघळण्याचा खरा प्रश्न

आकडे आधी. २४ अंश सेल्सिअसला पाण्यात पीएच ४ असताना लिटरमध्ये २९ मिग्रॅ, पीएच ७ ला ८ मिग्रॅ, पीएच ८ ला ७ मिग्रॅ. इथेनॉल आणि अॅसिटोनमध्ये साधारण ३०० मिग्रॅ प्रतिलिटर. क्लोरोफॉर्ममध्ये १००, इथाइल अॅसिटेटमध्ये १३५. हेक्झेनमध्ये जवळजवळ काहीच नाही. डायमिथाइल फॉर्मामाइडमध्ये, म्हणजे डीएमएफमध्ये, लिटरला ५ ग्रॅम.

हे आकडे एकदा नीट वाचले की बऱ्याच तक्रारी आपोआप सुटतात. 'सगळ्या कीटकनाशकांचे १००० मिग्रॅ प्रतिलिटरचे स्टॉक, म्हणजे पुढे पातळ करायची मूळ द्रावणं, अॅसिटोनायट्राइलमध्ये केले, फक्त हेच तळाशी राहिलं' ही तक्रार हमखास ऐकू येते. पूड खराब नसते. त्या विद्रावकात तेवढी मावतच नाही. अर्धा तास सोनिकेटर (ध्वनिलहरींनी ढवळणारं यंत्र) चालवला की भांडं गरम होतं, द्रावण स्वच्छ दिसतं, माणूस खूश होतो. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवल्यावर सकाळी तळाला पांढरी रेघ. मग त्या बाटलीतून वरचं स्वच्छ द्रव काढून वर्षभर मोजमाप चालतं आणि प्रत्येक निकाल जास्त येतो, कारण मानक कागदावर १००० असतं आणि प्रत्यक्षात त्याहून कितीतरी कमी.

उपाय साधा आहे. मिथेनॉलमध्ये १०० मिग्रॅ प्रतिलिटरवर थांबा. १० मिग्रॅ तोला, १०० मिलिच्या 'अ' वर्गाच्या फ्लास्कमध्ये ६०-७० मिलि मिथेनॉल घालून पाच ते दहा मिनिटं सोनिकेट करा, खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मगच खुणेपर्यंत भरा. गरम असताना खूण जुळवली तर थंड झाल्यावर पातळी खाली जाते. मग कुणीतरी ती पुन्हा भरतं आणि घोटाळा होतो. १००० चा स्टॉक हवाच असेल तर आधी डीएमएफमध्ये पूर्ण विरघळवा आणि डीएमएफमध्येच ठेवा. पुढची पातळ द्रावणं मिथेनॉलमध्ये करा.

दुसरा मार्ग आम्लाचा, आणि बुरशीच्या चाचणीला तो फार सोयीचा आहे. या रेणूचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्म्या रेणूंवर प्रोटॉन असतो तो आकडा, ४.२. त्याहून बराच कमी पीएच मिळाला की नायट्रोजनवर प्रोटॉन बसतो, मीठ तयार होतं आणि मीठ पाण्यात उतरतं. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात मिलिलिटरला १० मिग्रॅपर्यंतचे स्टॉक वापरले जातात. प्लेटमध्ये लिटरला १० मिग्रॅची मात्रा लागणार नसेल तर आमची पसंती ५ मिग्रॅला, कारण थंडीत काठाशी स्फटिक दिसण्याची कटकट कमी. हिशेबही सरळ आहे: १० मिग्रॅ प्रतिमिलि म्हणजे सुमारे ५२ मिलिमोलर, आणि आम्ल १०० मिलिमोलर, म्हणजे प्रत्येक रेणूला प्रोटॉन देऊन निम्म्याच्या आसपास आम्ल शिल्लक राहतं. आम्लात हे संयुग टिकाऊ आहे, त्यामुळे विघटनाची भीती नाही.

पण या आम्लाच्या स्टॉकला साध्या पाण्यात पातळ करू नका. पीएच वर चढला की मीठ मोडतं आणि औषध दुधासारखं बाहेर पडतं. पातळ करायचं ते ०.१ मोलर आम्लातच.

डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) हा विद्रावक वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. एक, तो हवेतला ओलावा ओढतो. उघडी बाटली पावसाळ्यात मुंबईच्या किंवा पणजीच्या प्रयोगशाळेत महिनाभर राहिली की तिच्यातलं पाणी वाढतं आणि विद्राव्यता घसरते. लहान, सीलबंद, कोरडी बाटली घ्या. दोन, तो १८.५ अंशांना गोठतो. फ्रीजरमधून काढलेला स्टॉक वरवर वितळलेला दिसतो, तळाशी बर्फ असतो. पूर्ण वितळू द्या, व्हॉर्टेक्सवर फिरवा, उजेडासमोर धरून स्फटिक आहेत का बघा आणि मगच पिपेट बुडवा.

प्लेटमध्ये: १०० पीपीएम म्हणजे नेमकं किती?

इथे जरा थांबायला हवं. प्रतिकारक्षमतेवरच्या कितीतरी तक्त्यांमध्ये १, १०, ५०, १००, ५०० पीपीएम (म्हणजे मिग्रॅ प्रतिलिटर) असे रकाने असतात. बटाटा-डेक्स्ट्रोज अगारचा पीएच ५.६ च्या आसपास असतो. वरचे विद्राव्यतेचे आकडे लावले तर अशा माध्यमात लिटरला साधारण ८ ते १० मिग्रॅ एवढंच औषध खरं विरघळलेलं राहू शकतं. त्यापुढचं सगळं निलंबित. ५० अंशांच्या अगारमध्ये ओतताना द्रावण स्वच्छ वाटतं. प्लेट थंड झाली की धूसर होते. दुसऱ्या दिवशी ती उलटी करून सूक्ष्मदर्शकाच्या १० पट भिंगाखाली धरा, स्फटिक दिसतील. बुरशीला मिळणारी मात्रा १०० च्या आणि ५०० च्या प्लेटमध्ये मग जवळपास सारखीच असते. तक्त्यात मात्र दोन वेगळे रकाने असतात आणि त्यांच्यातल्या फरकावर परिच्छेद लिहिले जातात.

म्हणून मालिका खाली सरकवा: ०.०१, ०.०३, ०.१, ०.३, १, ३, १० मिग्रॅ प्रतिलिटर. संवेदनशील करड्या बुरशीची, म्हणजे बॉट्रायटिसची, वाढ निम्म्यावर यायला लिटरला ०.१ मिग्रॅच्या आसपासचं प्रमाण पुरतं. तिथे रकाने नसतील तर संवेदनशील आणि किंचित घसरलेले नमुने वेगळे ओळखूच येत नाहीत. ज्या नमुन्याला १० नेही काही होत नाही त्यापुढे '१० पेक्षा जास्त' एवढं लिहिणं पुरेसं आणि प्रामाणिक.

कृती अशी. प्रत्येक मात्रेचा हजारपट स्टॉक एकाच विद्रावकात वेगळा बनवा. माध्यम २५० मिलिच्या हिशेबाने ऑटोक्लेव्ह करा (दाबाच्या वाफेत निर्जंतुक करा) आणि ५० ते ५५ अंशांपर्यंत पाण्याच्या टबात थंड करा. त्यात २५० मायक्रोलिटर स्टॉक घाला, फेस न येऊ देता भांडं गोल फिरवा आणि ९० मिमीच्या प्लेटमध्ये २० मिलि ओता. बारा प्लेट निघतात. प्रत्येक भांड्यात विद्रावकाचं आकारमान सारखंच गेलं पाहिजे. एकाच स्टॉकमधून एका भांड्यात २५ आणि दुसऱ्यात २५०० मायक्रोलिटर घालणं ही चूक नवख्यांकडून हटकून होते. मग जास्त मात्रेच्या प्लेटमधली घट औषधाची की डीएमएसओची, हे सांगता येत नाही. नियंत्रण प्लेटमध्येही तेवढंच कोरं विद्रावक जाऊ द्या. आम्लाचा स्टॉक असेल तर कोरं आम्ल.

औषध ऑटोक्लेव्हनंतरच घाला. संयुग तसं कणखर आहे, तरी १२१ अंशांची वाफ द्यायचं कारण काय? गाळून निर्जंतुक करण्याच्या फंदातही पडू नका. डीएमएसओतला स्टॉक सेल्युलोज अॅसिटेट किंवा नायट्रेटच्या पडद्याला विरघळवतो, आणि पाण्यातलं निलंबन ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढलं तर औषध गाळणीवर राहतं आणि खाली पाणी येतं. अशा प्लेटवर सगळेच नमुने 'प्रतिकारक' निघतात.

वाढत्या वसाहतीच्या कडेचा ५ मिमीचा तुकडा मधोमध उलटा ठेवा, दोन काटकोनी व्यास मोजा आणि तुकड्याचे ५ मिमी वजा करून मगच टक्केवारी काढा. ते वजा केले नाहीत तर पूर्ण रोखलेली बुरशीही थोडी वाढलेली दिसते.

जिथे हे औषध मुळातच चालत नाही तिथे ते दोषी ठरवू नका. पिथियम, फायटोफ्थोरा, केवडा यांच्यावर ते निरुपयोगी आहे. ही खरी बुरशी नव्हेच. उलट फायटोफ्थोरा वेगळी काढायच्या माध्यमात इतर बुरशी दाबण्यासाठी याच गटातली औषधं घालतात. अल्टरनेरियाही जन्मजात बेफिकीर आहे. नमुन्यात करपा समजून अल्टरनेरिया आली असेल तर 'प्रतिकारक्षमता सापडली' असा गवगवा होतो.

खरी प्रतिकारक्षमता असेल तर बीटा-ट्यूब्युलिनच्या जनुकात बघा. १९८ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी अलानिन, किंवा २०० व्या जागी फेनिलअलानिनऐवजी टायरोसिन, हे दोन बदल नेहमीचे. पहिल्यात एक गंमत आहे: कार्बेन्डाझिमला न जुमानणारी ही बुरशी डायइथोफेनकार्ब या दुसऱ्या बुरशीनाशकाला मात्र बळी पडते. दुसरा बदल असलेली दोघांनाही दाद देत नाही. शेजारी डायइथोफेनकार्बची एक प्लेट लावली तर जनुक वाचण्याआधीच अंदाज बांधता येतो.

अंश तपासणीवाल्यांसाठी

नाशिक-सांगलीची द्राक्षं युरोपला जातात आणि पुण्याजवळ मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र अंशांच्या कामाचं मोठं ठिकाण आहे. त्यामुळे हे मानक आपल्याकडच्या प्रयोगशाळांच्या रोजच्या वापरातलं आहे. युरोपमध्ये या सक्रिय घटकाची मान्यता २०१४ च्या नोव्हेंबरअखेर संपली. आपल्याकडे २०२० च्या मे महिन्यात २७ कीडनाशकांवर बंदी घालण्याचा जो मसुदा निघाला त्यात त्याचं नाव होतं. फवारणी कुठे थांबली तरी मोजमाप थांबत नाही. आयात मालावर नजर ठेवायला मानक लागतंच.

एलसी-एमएसवर हे संयुग फार छान आयनित होतं. कौतुक आणि तक्रार दोन्ही त्याचीच. मोठ्या मात्रेचं मानक टोचल्यावर लगेच कोरा नमुना टोचला की आलेखात आधीच्या मानकाचं छोटं शिखर उरतं. सुईच्या धुण्यात थोडं फॉर्मिक आम्ल आणि मिथेनॉल ठेवा, आणि मालिका कमी मात्रेकडून जास्तीकडे चालवा. उपकरणातून फिरणाऱ्या द्रवाचा पीएच ४.२ च्या आसपास ठेवू नका. अर्धे रेणू प्रोटॉनसह आणि अर्धे प्रोटॉनविना, अशा अवस्थेत शिखर पसरतं आणि वेळ रोज सरकते. एकतर ३ च्या खाली जा, नाहीतर ६ च्या वर. नमुना शुद्ध मिथेनॉलमध्ये टोचला तर लवकर बाहेर येणारं हे शिखर दुभंगतं. टोचण्याआधी पाण्याने पातळ करा. ड्यूटेरियमयुक्त (जड हायड्रोजनचं) अंतर्गत मानक, म्हणजे नमुन्यातच मिसळायचं मानक, परवडत असेल तर घ्याच.

मिश्र मानकाबद्दल एक ताकीद. बेनोमिल हे बुरशीनाशक पाण्यात आणि बऱ्याच विद्रावकांत मोडून कार्बेन्डाझिम बनतं. थायोफॅनेट-मिथाइल हे बुरशीनाशकही हळूहळू त्याच वाटेने जातं. ही दोन एका बाटलीत कार्बेन्डाझिमसोबत ठेवली तर आठवड्यागणिक कार्बेन्डाझिमचं शिखर वाढत जातं आणि दोष उपकरणाला दिला जातो. थायोफॅनेट-मिथाइलचं मानक वेगळं ठेवा आणि मिश्रण टोचायच्या दिवशी करा. बेनोमिलचं स्वतंत्र मोजमाप करण्याचा हट्टच सोडा. नियमांमध्येही त्याचा अंश कार्बेन्डाझिम म्हणूनच व्यक्त करतात. रूपांतरासाठी बेनोमिलच्या वजनाला ०.६५९ ने गुणायचं, थायोफॅनेट-मिथाइलच्या वजनाला ०.५५८ ने.

साठवण

इथे फार लिहिण्यासारखं नाही, आणि ही या वस्तूची स्तुतीच समजा. कोरडी पूड घट्ट झाकणात वर्षानुवर्षं टिकते. बाष्पदाब नगण्य, म्हणून उडून जात नाही. उजेडालाही ती फारशी घाबरत नाही, तपकिरी बाटली ही चांगली सवय एवढंच. पाण्यात पीएच ५ आणि ७ ला अर्धायुष्य ३५० दिवसांच्या वर, पीएच ९ ला १२४ दिवस. म्हणजे खरा शत्रू एकच, अल्कली. सोड्याने धुतलेली, नीट न खंगाळलेली काचेची भांडी स्टॉकला वापरू नका.

तापमान लेबलवर असेल तेच पाळा. फ्रीजमधली बाटली असेल तर उघडण्याआधी अर्धा-पाऊण तास डेसिकेटरमध्ये खोलीच्या तापमानाला येऊ द्या. जुलैतल्या कोकणात थंड बाटली लगेच उघडली की आतल्या भिंतीवर दव धरतं. पूड ओली झाली म्हणून रेणू मोडत नाही, पण तुम्ही तोलता त्यात पाणीही तोललं जातं. गोळे दिसले तर ती बाटली मानक म्हणून बाद करा, प्लेटच्या कामाला ठेवा.

मिथेनॉलमधला स्टॉक २ ते ८ अंशांना, झाकणाभोवती पॅराफिल्म लावून ठेवा. इथे संयुगाची घट ही चिंता नसते. मिथेनॉल उडून मात्रा वाढते. बाटली ठेवताना तोलून वजन लेबलवर लिहा आणि पुढच्या वेळी उघडण्याआधी पुन्हा तोला. घट दिसली की नवा स्टॉक. दोन स्वतंत्र वजनांवरून दोन स्टॉक करून एकमेकांशी जुळवण्याची पद्धत सगळ्यात भरवशाची. त्यांच्यात ५ टक्क्यांहून जास्त फरक पडला तर तोलण्यात किंवा विरघळवण्यात खोट आहे.

हाताळणी: विष लपलेलं

उंदरांवरचा तोंडावाटे घातक डोस किलोला १०,००० मिग्रॅहून जास्त. हा आकडा वाचून लोक निर्धास्त होतात, मिठापेक्षाही सौम्य म्हणतात. त्याच सुरक्षा पत्रकाच्या पुढच्या ओळी वाचा: आनुवंशिक दोष निर्माण करू शकते, प्रजननक्षमतेला आणि गर्भाला हानी पोहोचवू शकते, त्वचेची अॅलर्जी, जलचरांना अतिविषारी. कारण त्याच्या कामातच आहे. जे औषध बुरशीत गुणसूत्रं ओढणाऱ्या दोऱ्या बनू देत नाही, ते पुरेशा मात्रेत प्राण्यांच्या पेशीतही गुणसूत्रांची वाटणी बिघडवतं. हे नुकसान लगेच दिसत नाही. चक्कर नाही, मळमळ नाही, म्हणून हातमोज्यांचा कंटाळा केला जातो. गरोदर असलेल्या किंवा मूल होण्याचं नियोजन करणाऱ्या सहकाऱ्यांना पूड तोलण्याचं काम देऊ नका.

सगळ्यात धोक्याचा क्षण तोलण्याचा. हिवाळ्यात कोरड्या हवेत ही बारीक पूड स्थिर विजेने स्पॅच्युलावरून उडी मारते, तोलायच्या लहान तबकडीच्या कडेला चिकटते, काट्याच्या काचेवर जाते. धूर कपाटात काटा ठेवला तर वाऱ्याने आकडा स्थिर राहत नाही. वजनासाठीची खास पेटी असेल तर उत्तम. नसेल तर काट्याची दारं बंद ठेवा, स्थिर वीज काढणारी बंदूक वापरा आणि कागदावर तोलून ओतण्याऐवजी थेट लहान व्हायलमध्ये तोला. मग त्याच व्हायलमध्ये विद्रावक घाला आणि तिथून फ्लास्कमध्ये खंगाळून घ्या. एकदा ओली झाली की पूड उडत नाही. एन-९५ मास्क आणि बंद चष्मा ठीक, पण मास्क हा दुसरा बचाव, पहिला नव्हे.

हातमोज्यांबाबत एक बारीक गोष्ट. पातळ नायट्राइल कोरड्या पुडीला चालतो, डीएमएफला नाही. डीएमएफ त्यातून पाहता पाहता आरपार जातं, त्वचेतून शोषलं जातं आणि स्वतःही गर्भाला घातक आहे. त्यात औषध विरघळलेलं असेल तर ते सोबत घेऊन जातं. डीएमएफसाठी ब्यूटाइल रबर घाला. म्हणूनच प्लेटच्या कामाला आम्ही आम्लाचा स्टॉक सुचवतो.

सांडलं तर कोरडं झाडू नका. ओला टिश्यू ठेवा, बाहेरून आत पुसा, मग साबणाचं पाणी, आणि टिश्यू झिपच्या पिशवीत. आम्लाचा स्टॉक सांडला असेल त्यावर ब्लीच ओतू नका, क्लोरीन वायू सुटेल.

भांडी धुताना नुसतं पाणी फिरवलं तर पांढरा थर राहतो. आधी थोडं मिथेनॉल किंवा पातळ आम्ल, आणि ते धुणं सिंकमध्ये नाही, कचऱ्याच्या कॅनमध्ये. आम्लाचं आणि मिथेनॉलचं धुणं वेगवेगळ्या कॅनमध्ये ठेवा. वापरलेल्या प्लेट ऑटोक्लेव्ह केल्या की बुरशी मरते, औषध मरत नाही. ते अगारमध्ये तसंच राहतं. अशा प्लेटचा अगार बागेत किंवा गांडूळखतात टाकू नका, गांडुळांना हे औषध विशेष घातक आहे. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार साठवणुकीला ९० दिवसांची मुदत आहे, त्याआत तो अधिकृत संस्थेकडे जाळायला पाठवा. कॅनवर 'बुरशीनाशक' एवढंच लिहून चालत नाही. विद्रावकाचं नाव, अंदाजे मात्रा आणि भरायला सुरुवात केल्याची तारीख हवी.

किती मागवावं

जितकी छोटी बाटली मिळेल तितकी. सात मात्रांची एक मालिका लावली तर सगळ्यात वरच्या १० मिग्रॅ प्रतिलिटरच्या २५० मिलि भांड्यात जेमतेम २.५ मिग्रॅ पूड जाते. बाकीच्या सहा भांड्यांची बेरीज त्याच्या निम्म्याहूनही कमी. एक ग्रॅम म्हणजे एका विद्यार्थ्याची पीएचडी उरकून पुढच्याला पुरेल इतका साठा. अंश प्रयोगशाळेला १०० मिग्रॅच्या बाटलीत १० मिग्रॅची नऊ-दहा वजनं निघतात आणि तेवढ्यात प्रमाणपत्राची मुदत संपते. २५ ग्रॅमची बाटली प्रतिग्रॅम स्वस्त पडते खरी, पण मुदत संपल्यावर उरलेले २४ ग्रॅम घातक कचरा म्हणून पैसे देऊन जाळावे लागतात.